अंतराळदलाच्या अनुभवाची नोंदवही

अंतराळात जाऊन आलेल्या माणसाचा अनुभव कशाने मोजायचा, हा प्रश्न मानवी अंतराळ-उड्डाणाइतकाच जुना आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्याचे काम जसे अंतराळसंस्थांच्या निवड-मंडळांनी केले तसेच ते अंतराळ-उड्डाणाचे अनुकरण करणाऱ्या खेळांच्या रचनाकारांनी आणि खेळाडूंनीही केले आहे. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या संगणकीय खेळासाठी तयार झालेले ‘फायनल फ्रंटिअर’ नावाचे मॉड हे या दुसऱ्या प्रकारच्या प्रयत्नांतील सर्वांत बोलके उदाहरण होय. मॉड म्हणजे खेळाच्या मूळ निर्मात्यांनी नव्हे, तर एखाद्या जाणकार खेळाडूने लिहिलेली आणि मूळ खेळाला बाहेरून जोडता येणारी पुरवणी. या पुरवणीने अंतराळदलातील प्रत्येक सदस्याच्या नावे स्वतंत्र नोंदवही उघडली आणि त्याच्या पराक्रमांबद्दल त्याच्या नावापुढे रंगीत मानफिती लावल्या, पण त्या फितींच्या बदल्यात त्याला खेळात कोणतेही जादा सामर्थ्य दिले नाही. पुढे मूळ खेळातच जी अनुभव-पद्धत आली तिने नेमके उलटे केले, म्हणजे सामर्थ्य दिले आणि आठवण जवळजवळ ठेवलीच नाही. या दोन पद्धती एकमेकींपासून इतक्या दूर का गेल्या, हे कळण्यासाठी खऱ्या अंतराळवीरांच्या अनुभवाचा हिशेब कसा ठेवला गेला ते आधी पाहावे लागते.

अमेरिकेच्या नासा या संस्थेने 1959 मध्ये ‘मर्क्युरी’ प्रकल्पासाठी पहिले सात अंतराळवीर निवडले तेव्हा उमेदवाराने किमान 1500 तास विमान चालवलेले असावे, तो जेट विमानाचा वैमानिक असावा आणि चाचणी-वैमानिकांच्या प्रशिक्षणशाळेतून उत्तीर्ण झालेला असावा, अशा अटी होत्या. अनुभव म्हणजे नोंदवहीत भरलेले उड्डाणाचे तास, ही वैमानिकांच्या व्यवसायातली रुळलेली समजूत येथे जशीच्या तशी उचललेली दिसते. सोव्हिएत संघाने 1960 मध्ये आपल्या पहिल्या तुकडीसाठी वीस जण घेतले ते मात्र बहुतेक तरुण लढाऊ वैमानिक होते, आणि त्यांच्यातील अनेकांच्या खाती त्या 1500 तासांचा लहानसा हिस्साच जमा होता. याचे कारण यानाच्या रचनेत होते. ‘वोस्तोक’ हे यान मुळातच स्वयंचलित होते. युरी गागारिन यांनी 12 एप्रिल 1961 रोजी पृथ्वीला प्रदक्षिणा घातली तेव्हा हाताने नियंत्रण करण्याची सोय कुलूपबंद होती आणि ती उघडण्याचा सांकेतिक आकडा पाकिटात बंद करून सोबत दिलेला होता. ज्या यानात माणसाच्या कौशल्याला काम उरलेले नाही तेथे कौशल्याची पूर्वअट घालण्याचेही कारण नव्हते, आणि म्हणूनच दोन वर्षांनी, 16 जून 1963 रोजी, कापडगिरणीत काम केलेल्या आणि विमानाऐवजी पॅराशूट-उड्यांचा अनुभव असलेल्या व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हा यांना अंतराळात पाठवता आले. त्यांनी 48 प्रदक्षिणा पूर्ण केल्या, आणि जवळजवळ तीन दिवसांच्या त्या एका प्रवासात त्यांच्या नावावर जितका अंतराळकाळ जमा झाला तितका तोवरच्या सर्व अमेरिकी अंतराळवीरांचा मिळूनही भरत नव्हता.

अनुभवाची नोंद ग्राह्य धरायची कधी, हाही वाद त्याच काळात उभा राहिला. विमानोड्डाणाच्या विक्रमांना मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघाचा नियम असा होता की, वैमानिकाने आपल्या यानासह जमिनीवर उतरले पाहिजे. गागारिन मात्र सुमारे सात किलोमीटर उंचीवर यानाबाहेर फेकले गेले आणि स्वतःच्या पॅराशूटने वेगळे उतरले, आणि ही गोष्ट सोव्हिएत अधिकाऱ्यांनी दडवून ठेवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव्ह यांनी आपण यानाबाहेर पडून उतरलो हे उघड सांगितल्यावर महासंघाला नियमाचा फेरविचार करावा लागला, आणि प्रक्षेपण, कक्षेतील भ्रमण व माणसाचे सुखरूप परतणे यांना खरे महत्त्व आहे असे ठरले. अंतराळाची सीमा कोठे मानायची यावरही एकमत नव्हते. अमेरिकी हवाई दल ती 50 मैलांवर, म्हणजे सुमारे 80 किलोमीटरवर मानत असे, तर महासंघ 100 किलोमीटरची रेषा धरत असे. ‘एक्स-15’ या रॉकेट-विमानातून 50 मैलांची उंची ओलांडणाऱ्या लष्करी वैमानिकांना अंतराळवीराचे पंखचिन्ह त्याच काळात मिळाले, पण तीच उंची गाठलेल्या नासाच्या तीन नागरी वैमानिकांना ते 2005 साली देण्यात आले, आणि तोवर त्यांतील दोघे हयात नव्हते.

तासांचा हिशेब अंतराळात किती अपुरा पडतो याचा निर्णायक पुरावा ‘अपोलो’ मोहिमांनी दिला. ‘अपोलो 11’चे तिन्ही सदस्य आधी ‘जेमिनी’ यानातून जाऊन आलेले होते, परंतु मायकेल कॉलिन्स यांच्या नावावर सुमारे 71 तास आणि बझ ऑल्ड्रिन यांच्या नावावर 94 तासांहून अधिक अंतराळकाळ असताना त्यांचे प्रमुख नील आर्मस्ट्राँग यांच्या नावावर 11 तासही नव्हते. त्या थोड्या तासांत काय घडले होते हे मात्र आकड्यात उमटत नाही. 16 मार्च 1966 रोजी ‘जेमिनी 8’ने दोन यानांची इतिहासातील पहिली जोडणी केली, नंतर एक दिशानियंत्रक इंजिन अडकून यान सेकंदाला जवळपास एक फेरी या वेगाने गरगरू लागले, आणि आर्मस्ट्राँग यांनी परतीच्या प्रवासासाठी राखलेली नियंत्रणप्रणाली वापरून ते सावरले. ‘अपोलो 14’चे उदाहरण आणखी टोकाचे आहे. तिचे प्रमुख ॲलन शेपर्ड यांचा पूर्वीचा अंतराळ-अनुभव 1961 मधील पंधरा मिनिटांच्या उड्डाणापुरता होता आणि त्यांचे दोन्ही सहकारी प्रथमच जात होते, तरी 1971 मध्ये त्यांनी चंद्रावर यान उतरवले. काळ, कृती आणि कौशल्य या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्या एकाच आकड्यात मावत नाहीत, हे या मोहिमांच्या आलेखातून दिसते. नासाच्या अंतराळवीरांमधील प्रथा त्या मानाने साधी आणि शहाणी म्हटली पाहिजे: प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्याला चांदीचे बोधचिन्ह आणि अंतराळात जाऊन आलेल्याला सोन्याचे, किती वेळा गेला, किती तास राहिला याचा त्या चिन्हाशी संबंध नाही.

खेळांच्या जगात अनुभवाला गुणांकाचे रूप मिळाले ते 1974 साली प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळामुळे; पात्राने काही पराक्रम करावा, त्याचे गुण जमावेत आणि ठरावीक गुणांनंतर त्याची पातळी वाढावी, ही रचना तेथून असंख्य खेळांत पसरली. अंतराळ-उड्डाणाच्या आरंभीच्या खेळांत तिला जागा नव्हती, कारण चंद्रावर यान उतरवण्याच्या 1969 मधील मजकुरी खेळात किंवा अटारी कंपनीच्या 1979 मधील ‘लूनर लँडर’मध्ये दलच नव्हते, यान चालवणारा तो खेळाडू आणि शिकणाराही तोच. अनुभव साठतो तो खेळाडूच्या हातात, पडद्यावरील पात्रात नव्हे, हे अनुकरणात्मक खेळांचे मूळ तत्त्व होते, आणि मार्टिन श्वाइगर यांचा 2000 साली आलेला ‘ऑर्बिटर’ हा काटेकोर भौतिकशास्त्रावर उभा असलेला खेळ त्याच तत्त्वाला धरून राहिला.

या परंपरेत दलाला प्रथम व्यक्तिमत्त्व दिले ते फ्रिट्झ ब्रॉनर यांनी. त्यांचा ‘लिफ्टऑफ!’ हा पटावरील खेळ 1989 मध्ये आला आणि त्यावरून 1993 मध्ये ‘बझ ऑल्ड्रिन्स रेस इंटू स्पेस’ हा संगणकीय खेळ तयार झाला. खेळाडूने अमेरिकेचा किंवा सोव्हिएत संघाचा अंतराळ-कार्यक्रम 1957 पासून चालवायचा, सहा-सहा महिन्यांच्या फेऱ्यांत संशोधन, खरेदी आणि उड्डाणे आखायची, आणि प्रतिस्पर्ध्याच्या आधी चंद्रावर माणूस उतरवायचा, असे त्याचे स्वरूप होते. यात प्रत्येक अंतराळवीराला एकच पातळी नव्हती, तर कुपीचे चालन, चांद्रयानाचे चालन, यानाबाहेरील काम, यानांची जोडणी आणि चिकाटी असे पाच स्वतंत्र गुणांक होते, जे प्रशिक्षणाने व उड्डाणांनी वाढत. मोहिमेच्या प्रत्येक टप्प्यावर यंत्राच्या विश्वासार्हतेची टक्केवारी आणि त्या कामात सदस्याचे कौशल्य यांच्या आधारे यशापयश ठरे, त्यामुळे जोडणीत निष्णात असलेला माणूस जोडणीच्या टप्प्यापुरताच उपयोगी पडे. सदस्यांचे मनोधैर्य खचत असे, काहींचे एकमेकांशी पटत नसे, काही सेवा सोडून जात आणि काही मरत. पाच गुणांकांची ही विभागणी ‘जेमिनी’ प्रकल्पाचा अर्थ अचूक ओळखणारी होती, कारण 1965 व 1966 या दोन वर्षांतील त्या दहा समानव उड्डाणांत नासाने चंद्रमोहिमेला लागणारी कौशल्ये अशीच सुटी करून एकामागून एक आत्मसात केली होती. नंतरच्या अनेक खेळांना इतकी सूक्ष्म जाण दाखवता आलेली नाही.

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’चा जन्म मेक्सिको सिटीतील ‘स्क्वॉड’ या कंपनीत झाला. ही कंपनी मुळात खेळ बनवणारी नव्हती. तिच्याकडे नोकरी करणारे ब्राझीलचे फेलिपे फालांगे यांनी लहानपणी फटाक्यांच्या रॉकेटना चंदेरी पन्नीच्या बाहुल्या बांधून उडवल्या होत्या आणि त्या बाहुल्यांना ‘कर्बल’ हे नाव दिले होते. खेळाची पहिली सार्वजनिक आवृत्ती 24 जून 2011 रोजी निघाली. ‘कर्बिन’ नावाच्या काल्पनिक ग्रहावरील या हिरव्या, मोठ्या डोक्याच्या जीवांसाठी खेळाडूने सुट्या भागांतून रॉकेटे जुळवायची, आणि कक्षीय गतीचे खरे नियम पाळून ती ‘मुन’, ‘मिनमस’ या उपग्रहांपर्यंत व पुढे इतर ग्रहांपर्यंत न्यायची. जेबेडाया, बिल आणि बॉब हे तिघे नारिंगी पोशाखातील मूळ सदस्य. व्हॅलेंटिना नावाची चौथी सदस्य 2015 मधील 1.0 आवृत्तीत त्यांना येऊन मिळाली. प्रत्येक कर्बलला धैर्य आणि मूर्खपणा असे दोन अंगभूत गुण होते, पण त्यांचा परिणाम यानाच्या खिडकीतून दिसणाऱ्या चेहऱ्यावरील भीती किंवा आनंद यांपलीकडे फारसा जात नसे. म्हणजे खेळाने पात्रांना स्वभाव दिला होता, चरित्र दिले नव्हते. मुनवर जाऊन आलेला कर्बल आणि काल भरती झालेला कर्बल यांच्यात खेळाच्या दृष्टीने काहीही फरक नव्हता.

हा फरक खेळाडूंना हवा होता, आणि ‘फायनल फ्रंटिअर’ने तो निर्माण केला. हे मॉड उड्डाण चालू असताना घडणाऱ्या घटना टिपत असे: कक्षेत पोहोचणे, एखाद्या गोलाच्या प्रभावक्षेत्रात शिरणे, उतरणे, पाण्यावर उतरणे, यानाबाहेर पडणे, दुसऱ्या यानाला जोडले जाणे, गुरुत्वभाराचा मोठा ताण सोसणे. या घटना खेळातील काळासह सदस्याच्या नोंदवहीत लिहिल्या जात, आणि त्यांवरून त्याला कोणत्या फिती मिळाल्या ते ठरे. एखाद्या गोलावर सर्वांत आधी पोहोचणाऱ्यासाठी वेगळी फीत होती, मोहिमांच्या संख्येसाठी, अंतराळात घालवलेल्या एकूण काळासाठी आणि यानाबाहेरील एकूण काळासाठी चढत्या श्रेणीच्या फिती होत्या, आणि वरची फीत मिळाली की तिच्या खालची झाकली जात असे. खेळाडूला स्वतःच्या इच्छेने द्यायच्या फितींचीही सोय होती. काळ, कृती आणि अग्रक्रम या तिन्ही मापांना येथे शेजारी-शेजारी जागा मिळाली, त्यांची बेरीज करण्याचा अट्टहास झाला नाही. सर्व सदस्यांची एकत्रित यादी ज्या खिडकीत दिसे तिला कीर्ति-दालन असे नाव दिलेले होते. फितींमुळे यान अधिक स्थिर उडत नसे आणि प्रयोगांतून अधिक ज्ञानगुणही मिळत नसत. तरीही खेळाडू नवी मोहीम आखताना कोणत्या कर्बलला कोणती फीत अजून मिळालेली नाही हे पाहून दल निवडू लागले. लष्करी गणवेशावरील फितींचे कार्यही हेच असते: त्या लावणाऱ्याचे बळ वाढवत नाहीत, तो कोठे होता एवढे सांगतात.

मूळ खेळात अनुभव-पद्धत आली ती डिसेंबर 2014 मधील 0.90 आवृत्तीत. कर्बलांची वैमानिक, अभियंता आणि वैज्ञानिक अशी तीन व्यवसायांत विभागणी झाली, आणि शून्य ते पाच ताऱ्यांची पातळी ठरली. त्यासाठी अनुक्रमे 2, 8, 16, 32 आणि 64 गुण लागत. नवशिका वैमानिक यान फक्त स्थिर धरू शके, एका ताऱ्याचा वैमानिक ते प्रवासाच्या दिशेला किंवा तिच्या उलट दिशेला आपोआप रोखून ठेवू शके, आणि तीन ताऱ्यांचा वैमानिक लक्ष्य व आखलेली दिशाबदलाची हालचाल यांकडे रोख धरू शके. जेबेडाया वैमानिक झाला, बिल अभियंता आणि बॉब वैज्ञानिक. या विभागणीलाही खरा पूर्वेतिहास आहे: नासाने 1965 मध्ये प्रथमच वैज्ञानिकांना अंतराळवीर म्हणून निवडले आणि त्यांतील भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट डिसेंबर 1972 मध्ये ‘अपोलो 17’मधून चंद्रावर उतरले, तर 1978 मधील पस्तीस जणांच्या तुकडीपासून वैमानिक आणि मोहीमतज्ज्ञ हे दोन वर्ग रीतसर वेगळे झाले.

या पद्धतीतील सर्वांत लक्षणीय नियम परतीचा होता. जतन केलेल्या खेळाच्या फाइलमध्ये प्रत्येक कर्बलच्या नावाखाली दोन नोंदी असतात, एक चालू उड्डाणाची आणि दुसरी पूर्ण झालेल्या कारकिर्दीची. कक्षेत पोहोचणे, उतरणे, ध्वज रोवणे या गोष्टी आधी चालू नोंदीत जमतात आणि कर्बल कर्बिनवर सुखरूप परतल्यावरच कारकिर्दीच्या नोंदीत जाऊन गुण देतात. मानवाच्या सुखरूप परतण्याला विक्रमाचा निकष मानणाऱ्या महासंघाच्या निर्णयाशी हा नियम जुळतो, आणि तो अनुभवाच्या स्वरूपाबद्दल एक योग्य गोष्ट सांगतो, ती ही की परत येऊन सांगता आल्याखेरीज अनुभव कार्यक्रमाच्या उपयोगी पडत नाही. मात्र दूरच्या ग्रहाकडे निघालेल्या दलाला अनेक वर्षांच्या प्रवासात काहीच शिकता येऊ नये हे पटण्यासारखे नव्हते, आणि म्हणून पुढे फिरत्या प्रयोगशाळेत, परत न येताही, पातळी वाढवण्याची सोय द्यावी लागली.

दुसरा नियम अधिक वादग्रस्त होता. प्रत्येक गोलाबाबत केलेली सर्वांत मोठी कृती तेवढी गुणांसाठी धरली जाई, आणि तीच कृती पुन्हा केल्यास काही मिळत नसे. त्यामुळे अनुभव म्हणजे भेट दिलेल्या ठिकाणांची यादी, असे रूप या पद्धतीला आले. मुन व मिनमस येथे उतरून आणि क्षणभर सूर्यकक्षेत डोकावून आलेला कर्बल तीन तारे मिळवी, तर कर्बिनच्या कक्षेतील स्थानकात दहा वर्षे काम करणाऱ्याला एकच तारा मिळे. डॉक्टर असलेले वालेरी पोल्याकोव्ह जानेवारी 1994 ते मार्च 1995 या काळात ‘मीर’ स्थानकावर सलग 437 दिवस राहिले, आणि मंगळापर्यंतचा प्रवास माणसाचे शरीर व मन सोसू शकेल का याचे उत्तर त्यांनी स्वतःवर तपासून दिले. खेळाच्या या नियमात त्यांच्या कार्याला स्थान नाही, आणि ओलेग कोनोनेंको यांनी पाच मोहिमांत मिळून 2024 पर्यंत गाठलेल्या 1111 दिवसांनाही नाही. मूळ पद्धतीची ही खरी उणीव आहे, आणि काळ मोजणाऱ्या मॉडची गरज मूळ खेळात अनुभव आल्यानंतरही संपली नाही ती याच कारणाने. शिवाय मूळ खेळाच्या कारकीर्द-नोंदीत कृतीचा प्रकार आणि गोलाचे नाव एवढेच असते. केव्हा घडले ते नसते.

कौशल्याच्या बाजूनेही पद्धत पोखरली गेली होती. यानात बसवता येणाऱ्या स्वयंचलित नियंत्रक भागांना हीच दिशा रोखण्याची कामे जमतात, आणि त्यांतील वरच्या दर्जाचा भाग बसवला की तीन ताऱ्यांचा वैमानिक आणि नवशिका यांत भेद उरत नाही. ‘वोस्तोक’च्या रचनाकारांनी 1961 मध्ये घेतलेला निर्णय येथे खेळाडू नकळत पुन्हा घेतो. यंत्राने वैमानिकाचे काम उचलल्यावर सामर्थ्य म्हणून अनुभवाची किंमत घसरते, पण जाऊन आल्याची नोंद यंत्र पुसू शकत नाही. तेरेश्कोव्हा यांच्या 48 प्रदक्षिणा यान स्वयंचलित होते म्हणून कमी होत नाहीत. ‘फायनल फ्रंटिअर’ची नोंदवही खेळाच्या प्रत्येक सुधारणेनंतर अर्थपूर्ण राहिली, याचे श्रेय तिने सुरुवातीपासून सामर्थ्याशी नाते जोडले नाही या गोष्टीलाच द्यावे लागते.

अनुभव झिजतो, हे मात्र या दोन्ही पद्धतींनी मानलेले नाही. ती बाजू हाताळली ‘आरपी-1’ या मॉडसंग्रहाने, जो कर्बिनऐवजी खरी पृथ्वी घेऊन गेल्या शतकाच्या मध्यापासूनचा अंतराळ-इतिहास खेळायला लावतो. त्यात अंतराळवीराला प्रत्येक प्रकारच्या यानासाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि विशिष्ट मोहिमेसाठी पुन्हा सराव करावा लागतो, उड्डाणानंतर काही काळ तो विश्रांतीवर जातो, आणि ठरावीक वर्षांनी निवृत्त होतो, जरी नव्या उड्डाणांमुळे ती निवृत्ती पुढे ढकलली जाते. परिणामी खेळाडूला जुने दल संपण्याआधी नवे तयार करावे लागते, आणि अनुभवी व नवखे यांची सांगड घालण्याची तीच अडचण सोडवावी लागते जी नासापुढे स्पेस शटलच्या वेळी होती. 12 एप्रिल 1981 रोजी शटलचे पहिले उड्डाण मानवरहित चाचणीशिवाय थेट माणसांना घेऊन झाले, तेव्हा दोनदा ‘जेमिनी’तून आणि दोनदा ‘अपोलो’तून गेलेले जॉन यंग यांच्या शेजारी, त्याआधी एकदाही अंतराळात न गेलेले रॉबर्ट क्रिपेन यांना बसवण्यात आले होते. चार दशकांनंतर नासाने खासगी मोहिमांबाबतही तेच धोरण स्वीकारले आणि आंतरराष्ट्रीय स्थानकावर जाणाऱ्या अशा प्रत्येक दलाचे नेतृत्व नासाच्या माजी अंतराळवीराकडे असावे अशी अट घातली. जून 2025 मध्ये ‘ॲक्सिऑम-4’मधून शुभांशु शुक्ला वैमानिक म्हणून गेले तेव्हा त्यांच्या प्रमुख पेगी व्हिटसन यांच्या नावावर आधीचे 675 दिवस जमा होते, तर राकेश शर्मा यांच्या 1984 मधील आठवडाभराच्या उड्डाणानंतर भारतीय नोंदवहीत पडलेली ही दुसरीच नोंद होती.